खोक्याच्या फळीची तबली

त्या वर्षी इंदापूरच्या आमच्या घरात सगळा हिवाळा आंघोळीचं पाणी परदेशी लाकडावर तापलं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई फुशारकी मारतेय. पण शप्पथ खरं आहे. आमचे हे तेव्हा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. नव्वदीची मधली वर्षं ती. तिथं दर महिन्याला नवी शेड उभी राहायची आणि त्या शेडमध्ये बोटीतून आलेली मशिनं उतरायची. मशीन यायचं लाकडी खोक्यातून, खोकं मशीनपेक्षा मोठं असायचं, आणि मशीन बाहेर आलं की खोक्याला कोणी वाली नसायचा. साहेब म्हणाले, न्या. ह्यांनी एका टेम्पोवाल्याची मनधरणी केली, फळ्यांचा ढीग घरी आणला आणि मागच्या अंगणात बंबाशेजारी रचला. पांढरट, हलक्या, सरळ रेषांच्या फळ्या. पेटायला अशा झकास की काडी दाखवायचा अवकाश.

बंब पेटवायचं काम माझं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, म्हणजे अजून घरातली सगळ्यात नवी वस्तू मीच.

होळी दोन दिवसांवर आली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, न्हाणीत बसले होते आणि आणखी पाणी मागत होते. मी एक लांबलचक फळी उचलली आणि मोडायला म्हणून दगडावर आपटली.

ती मोडली नाही. वाजली.

साध्या लाकडाचा आवाज कसा, ठक्‌ आणि संपला. ही फळी वाजली ती वाजतच राहिली. माझ्या हाताला मुंग्या आल्या.

"थांब!" न्हाणीतून आवाज आला. पाठोपाठ मामंजी आले. कमरेला ओला पंचा, डोक्यावर साबणाचा फेस, डोळे गच्च मिटलेले, हात पुढं चाचपडत. "काय आपटलंस? परत आपट!"

"अवो, आदी डोकं तरी धुवा!" आत्याबाई, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या. "शेजारच्या गच्चीवर बायका हायत!"

"असूंदे! पोरी, टोकापासून चार बोटं सोडून चिमटीत धर. आता मधी बोट मार. गाठीनं मार."

मी बोटाच्या गाठीनं टकटक केलं. फळी पुन्हा वाजली. साबण ओघळत होता आणि मामंजी मान तिरकी करून ऐकत होते. मग एक डोळा उघडून त्यांनी फळीकडं पाहिलं, बंबात धगधगणाऱ्या जाळाकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो माल तू जाळतीस व्हय?"

"मामंजी, दिवाळीपासून जाळतेय."

ते तिथंच मटकन खाली बसले. पाहणाऱ्याला वाटलं असतं, मी त्यांच्या एखाद्या सख्ख्या पाहुण्यालाच जाळलं.

आता या आनंदामागचं दुखणं सांगायला हवं. मामंजी सुतार, आणि सुतारांतही चाकाचे सुतार. त्यांनी केलेलं बैलगाडीचं चाक बाप वापरायचा आणि लेकही वापरायचा. पण सगळ्या गाड्यांना रबरी टायर लागले आणि चार वर्षांत त्यांच्याकडं एकही चाक आलं नव्हतं. चौकटी, खाटा, देव्हारे करायचे. अशाच एका चौकटीच्या कामासाठी ते पळसदेवच्या बाजूला एका गावी गेले. तिथल्या देवळात भजनी मंडळाची माणसं वीणेभोवती तोंड पाडून बसली होती. जीपमधून भजनाला जाताना वीणेवर कोणीतरी बसलं होतं आणि भोपळ्यावरची तबली, म्हणजे तारांखालची ती पातळ लाकडी पाटी, उभी चिरली होती. हनुमान जयंतीचा सप्ताह दोन महिन्यांवर. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणाच नसेल तर सप्ताह उभा कशावर करायचा? मंडळाचे प्रमुख आबा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांनी उजनीच्या पाण्यावर ऊस केला. पण आवाज अजून माळावर हाळी घालणाऱ्याचाच. ते म्हणत होते, पंढरपूरला पाठवू.

मामंजींना कोणी विचारलं नव्हतं. तरी ते बोलले, "लाकूडच हाय न्हवं? मी करतो की."

मागून कोणीतरी म्हणालं, "चाकाचा सुतार वीणा करनार! वाजंल का खडखडंल?"

तीस माणसं हसली. मामंजींनी ते हसू पळसदेवपासून इंदापूरपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आणलं. सोबत वीणा. आल्या आल्या त्यांनी ओल्या कोमट फडक्यानं जुना सरस मऊ करून चिरलेली तबली सोडवली, म्हणजे परतीचा रस्ता स्वतःच्या हातानं बंद केला. मग सागाची करून पाहिली, मुकी निघाली. कडुनिंबाची केली, पिळली. आंब्याचं लाकूड तर अगदीच घुमं. महिना गेला. आबांनी निरोप धाडला : पाडव्यापर्यंत झाली तर बरं, नाहीतर नवी आणतो, आणि ही फुटकी वीणा देवळात खुंटीला टांगून ठेवतो, कुणी बिघडवली ते लोकांना दिसू दे.

खुंटीला टांगलेली वीणा! मामंजींना ती रोज जेवताना दिसायची. अर्धी भाकरी ताटात राहायची.

आणि आज ही फळी बंबाच्या तोंडाशी वाजली होती.

पुढचे दोन दिवस आमच्या अंगणात जे चाललं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. मामंजी एकेक फळी उचलत, चिमटीत धरत, गाठीनं वाजवत आणि कान लावत. पसंत नसली तर, "हं, सर्दी झालीया हिला," म्हणून बाजूला टाकत. आत्याबाई म्हणाल्या, "गल्ली इच्चारतीया, तुमचे मालक फळ्यांस्नी काय इच्चारत्यात? म्या सांगितलं, सोयरीक जुळवत्यात."

सोयरीकच ती. कुणात गाठ, कुणात चीर, कुणाच्या रेषा वाकड्या. साठ-सत्तर फळ्यांतून एकच नवरी निघाली. वीतभर आणि वर चार बोटं रुंद, रेषा कंगव्याच्या दातांसारख्या सरळ, गाठ एकही नाही. एकच! तिच्यासारखीच पण मधोमध गाठ असलेली दुसरी एक होती, ती मामंजींनी तालमीला घेतली. "आदी सवतीच्या लेकराला पाण्यात सोडायचं," ते म्हणाले. इतकी दुष्ट गोष्ट इतक्या प्रेमळ आवाजात मी पुन्हा कधी ऐकली नाही.

फळी सात सूत जाड होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराच्या घरात सगळं सुतातच मोजतात. तबली हवी होती सव्वा सूत. मधलं पावणेसहा सूत लाकूड काढायचं, आणि काढताना राहिलेलं शाबूत ठेवायचं, एवढाच काय तो खेळ.

बारामतीत पिंपळीच्या एका माणसाचं दार-खिडक्यांचं वर्कशॉप होतं. त्याच्याकडे विजेवरचा मोठा रंधा होता. एका तोंडातून फळी आत घ्यायची, वरून फिरती पाती तासायची आणि पलीकडून फळी पातळ होऊन बाहेर यायची. मामंजींच्या ओळखीचा. पण त्यानं आधीच निरोप पाठवला होता : "चार सुताच्या खाली मशीन घेत न्हाय. पातळ फळी वर उचलती, पात्यात घावली की तिचा भुगा." चार सुतापासून सव्वा सुतापर्यंत हातानं तासायचं म्हणजे आठवड्याचं काम, आणि मामंजींचा उजवा हात त्या वर्षापासून थरथरायला लागला होता. चहाची बशी ते दोन हातांनी धरायचे आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

तर मला एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली मोठी संकटं सगळी याच वाक्यानं सुरू झाली आहेत.

मी म्हटलं, "मामंजी, पातळ फळी जाड फळीवर चिकटवली तर? मशीनला वाटेल जाडच आहे."

"आन मग सोडवायची कशी? सरसानं धरली तर सोडताना फाटंल."

"गुळानं चिकटवू!"

माझं माहेर बारामतीकडचं. वडील गुऱ्हाळांची लाकडी कामं करायचे. कढईतला गूळ जिथं सांडेल तिथं असा घट्ट बसतो की पटाशीनं काढावा लागतो, आणि गरम पाणी ओतलं की आपोआप सुटतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विजेचा शोध लावला. आत्याबाईंनी गुळाचा डबा छातीशी धरला. "सणाचा गूळ हाय ह्यो!" पण दोन विरुद्ध एक. मी चिक्कीला करतात तसा कडक पाक केला, तालमीची फळी जाड फळीवर बसवली, वर जात्याचा दगड ठेवला. सकाळी बघितलं तर अशी पक्की बसलेली की मी तिच्यावर उभी राहून दाखवलं.

आम्ही दोघं दोन्ही फळ्या घेऊन बारामतीच्या एसटीत बसलो. कंडक्टर गुळाची फळी हुंगून म्हणाला, "तात्या, ह्ये काय हाय?"

"वीणा," मामंजी म्हणाले.

"आन ह्या मुंग्या?"

"टाळकरी."

वर्कशॉपला पोचलो तेव्हा दुपारचे बारा. पत्र्याची शेड, फाल्गुनातलं बारामतीचं ऊन. मशीनवाला गुळाची गोष्ट ऐकून पोट धरून हसला, पण करायला तयार झाला. आधी मामंजींनी तयारी केली. फुटक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक त्यांनी खिशातून काढलं आणि दोन्ही फळ्यांवरून इंच-इंच फिरवलं. खोक्याची फळी म्हणजे पोटात मोडका खिळा असायचाच, आणि खिळा पात्याला भेटला की पातं गोळीसारखं सुटतं. एका टोकाला चुंबक चिकटलं. तेवढं टोक कापून टाकलं. मग माझा पदर त्यांनी कमरेला खोचायला लावला, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. सगळ्यांना हातानं बाजूला सारलं. "बैलाच्या मागं आन मशीनच्या म्होरं हुबं ऱ्हायचं न्हाय. भित्ताडाला लागा!"

आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. मशीन सुरू झालं. पहिली फेरी, झकास. दुसरी, झकास. फळी तीन सुतांवर आली. मी टाळ्या वाजवायला लागले. मशीनवाला म्हणाला, "वैनी, तुमी तर इंजिनेर निघाला!" हे वाक्य ऐकून मी हवेत होते आणि त्याच वेळी मशीनच्या पोटात गूळ वितळत होता. ऊन वरून, फळी ओढणाऱ्या रुळांचा दाब खालून. तिसऱ्या फेरीला वरची फळी जाड फळीवरून जराशी घसरली.

धडाऽऽम!

बंदुकीचा बार उडाला म्हणा. फळीचे तुकडे मशीनच्या तोंडातून सुटले ते सरळ समोरच्या दारातून बाहेर रस्त्यावर. एक हातभर कुसळ दारावरच्या कॅलेंडरात घुसलं आणि थरथरत उभं राहिलं. बरोबर तिथंच, जिथं मामंजींनी बाजूला सारण्याआधी मी उभी होते. मशीन बंद झालं. शेडभर गुळाचा वास.

 मग मशीनवाल्यानं रुळावर बोट फिरवलं आणि चाटून बघितलं.

"गोड हाय," तो म्हणाला.

रूळ गरम पाण्यानं धुवायला मला तीन तास लागले. त्यानंतर कितीतरी दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, बारामतीत मुंग्या लागलेलं मशीन फक्त माझ्याकडं. पण माणूस दिलदार. खरी फळी त्यानं स्वतः, उघडी, हळूहळू चार सुतांपर्यंत आणून दिली आणि मामंजींच्या हातात ठेवत म्हणाला, "हितनं पुढं तुमी आन तुमचा मारुती."

येताना एसटीत मामंजी मांडीवर फळी घेऊन बसले होते. मी म्हटलं, चुकले. ते म्हणाले, "चुकू दे. सवतीच्या लेकराला लागलं, आपल्या न्हाय." मग खिडकीबाहेर बघत, "पर माझ्या हातानं आता ही व्हायची न्हाय, पोरी. रंधा तू धरायचा."

मी? माहेरी वडिलांची नजर चुकवून रंधा मारायचे, तेवढंच. सासरी सुनेनं रंधा धरलेला आमच्या गल्लीत कोणी बघितला नव्हता.  खरं सांगते, इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. पहिलाच धडा मामंजींनी एका फालतू पट्टीवर दिला. जाड लाकूड तासताना पुढं अडण म्हणून एक ठोकळा ठोकतात आणि त्याला टेकवून रंधा ढकलतात. पातळ पट्टीला तसं केलं तर ती ढकलताना मधे कमान होऊन उठते. पट्टी उठली आणि कडाड्‌ मोडली. "बगितलंस? पातळ लाकडाला म्होरनं अडवायचं न्हाय. मागनं धरायचं आन पुढं जाऊ द्यायचं. सुनंसारखं." आत्याबाईंनी आतून भांडं आपटलं.

मग फळीच्या मागच्या टोकावर वाकळेची घडी, घडीवर जात्याचा दगड, आणि त्या टोकापासून पुढं, रेषेच्या वाटेनं, रंधा. पातं केसाएवढं बाहेर. उलट्या वाटेनं मारला तर रेषा उचकटते आणि चिपळी, म्हणजे बारीक ढलपी, निघते, म्हणून अर्ध्या फळीनंतर फळी फिरवायची. नाकाला फडकं. लांब कुरळ्या सालपटांचा ढीग माझ्या मांडीवर साठायला लागला. दर वीस फेऱ्यांनी थांबायचं, फळी चिमटीत धरायची आणि वाजवून मामंजींना ऐकवायची.

आणि इथं गाडी अडली. मी फळी वाजवली की माझ्या बांगड्या वाजायच्या! दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या काचेच्या. मामंजी कान लावायचे आणि त्यांना ऐकू यायचं किणकिण. वर रंधा ढकलताना बांगड्या फळीवर घासून मऊ लाकडाला चंद्रकोरी पडत होत्या.

"बांगड्या काढ," मामंजी म्हणाले.

आत्याबाई बाहेर आल्या. पीठभरल्या हातांनी. "काय म्हनालात?"

"घटकाभर काढू दे गं. काम झालं की घालंल."

"मालक बारामतीत कामावर, धडधाकट, आन हिचे हात मोकळे? तुमच्या वीणेपायी माझ्या लेकाच्या नावाची काच उतरनार? मी जित्ती हाय तवर न्हाय!"

"अगं, वीणा देवाची हाय."

"आन बांगडी काय सैतानाची हाय?"

 मामंजी खांबाला टेकून बसले. पाडवा सात दिवसांवर. मी मधोमध, हातात रंधा, दोन्हीकडून बघून घेतेय. आत्याबाई आत गेल्या. वाटलं, संपलं. तर त्या आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी ओली करून घेऊन आल्या, माझा हात ओढला, बांगड्या एकेक करून कोपराच्या दिशेनं वर सारल्या आणि ओल्या चिंधीनं अशा गच्च आवळल्या की एक हूं की चूं नाही.

"काढायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या, "चढवायच्या. मशागतीच्या टायमाला आमी हेच करायचो. इतकी साधी गोष्ट सुताराला कशी सुचंल?"

मी हात हलवला. शांत! मग फळी वाजवली, आणि पहिल्यांदाच ती एकटी, स्वच्छ बोलली. मामंजींनी आत्याबाईंकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला बहुधा पहिल्यांदाच हात जोडले. बाईंनी तोंड फिरवलं, पण आत गेल्या नाहीत. तिथंच पापडाचं पीठ मळत बसल्या.

फळी तीन सुतांवर आली, अडीचवर आली. एक दिवस मी ती उन्हात धरली तर तिच्यातून उजेड आला! लालसर, मधासारखा. मी ओरडले. मामंजी उठून आले, शेजारची बाई आली. उजेड सगळीकडे सारखा नव्हता, मधे कुठं कुठं ढग होते. जिथं ढग तिथं जाड. पण नेमकं किती जाड ते डोळ्याला कळेना. आमच्याकडची मोजपट्टी अशा ठिकाणी पोचायचीच नाही.

आत्याबाई पापड लाटता लाटता म्हणाल्या, "आण हिकडं."

त्यांनी हात पुसले, डोळे मिटले आणि फळीच्या कडेनं दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं आत सरकवत नेली, पापडाची जाडी बघतात तशी. "हितं जाड. हितं बी. हितं बराबर. अन्‌ हितं, सुताराच्या सुनं, जास्ती खाल्लंस. आता हिकडं हात लावू नगंस."

मामंजींनी खडूनं खुणा केल्या. मी तासलं. पुन्हा आत्याबाईंनी डोळे मिटले. लाखभर पापड लाटलेली बोटं ती! केसाचा फरक पकडत होती. त्या दिवसापासून आम्ही तिघं. मामंजींचे कान, आत्याबाईंची बोटं आणि माझे हात. एक पूर्ण सुतार, तीन माणसांत वाटलेला.

आणि मग भांडण झालं. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी.

फळी सव्वा सुताच्या आसपास आली होती. आवाज असा की नख लावलं तरी घुमायची. मामंजींचे डोळे चमकत होते. "आनिक दहा फेरे मार. अजून खुलंल."

"पुरं," आत्याबाई म्हणाल्या. "पापड याच्या म्होरं गेला की उचलताना फाटतो."

"ह्यो पापड न्हाय!"

"फाटायला काय, पापड असो का फळी."

"मार गं तू! मला ऐकू येतंय, अजून हाय तिच्यात!"

रंधा माझ्या हातात. मी एक फेरा मारला. आवाज खरंच खुलला. मामंजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बगा!" मी दुसरा मारला. रंध्याच्या पुढं, मधोमध, रेषेनं डोकं वर काढलं. इतकुशी, जोंधळ्याच्या कुसळाएवढी चिपळी. पण ती उचकटायला लागली होती. अजून एक बोटभर रंधा पुढं गेला असता तर ती लांब फाटली असती, आणि खोक्याच्या ढिगात दुसरी नवरी नव्हती.

मी रंधा उचलला. खाली ठेवला. आडवा, पातं बाजूला.

"का थांबलीस?"

"झाली, मामंजी."

"मी सांगतोय, मार!"

"न्हाई मारणार."

सासऱ्याला "न्हाई" म्हणालेलं माझं ते पहिलं वाक्य.  मामंजी उठले, पायात वहाणा घातल्या आणि घराबाहेर गेले.   आत्याबाईंनी खिडकीच्या फुटक्या तावदानाचा तुकडा शोधून आणला, त्याच्या दोन बाजूंना चिंधी गुंडाळली आणि माझ्यापुढं ठेवला. सुताराच्या घरात शेवटचा हात काचेनंच मारतात. रंधा जिथं उचकटतो तिथं काच नुसती पिठासारखी धूळ काढते. मी श्वास रोखून, उचकटलेल्या जागेच्या उलट बाजूनं, तो कुसळाएवढा उंचवटा खरवडत राहिले. तासाभरानं बोट फिरवलं तर तिथं काहीच नव्हतं. उन्हात धरली. उजेड एकसारखा.

मामंजी परत आले ते सरस उकळायचं डबडं काढायला.  फळी घेतली, तिच्या मधोमध अंगठा फिरवला. जिथं चिपळी उठली होती तिथं, हो, अगदी तिथंच, तो थांबला. मी ताटात बघावं तसं जमिनीकडे बघत होते.

"काच मारली व्हय?"

"व्हय."

"हूं." मग अंगठा तिथंच ठेवून, "मी आनिक मार म्हनलो असतो. आन तू मारली असतीस, तर..."  फळी भोपळ्याच्या आकारात कापली, कडेला सरस लावला, सुतळीचे वेढे दिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाठ मार. माझा हात हालतोय." त्या हाताबद्दल ते घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते.

पाडव्याच्या दिवशी दुपारी, सरस वाळला आणि तारा चढल्या न चढल्या तोवर दारात जीप थांबली. आबा. पांढरा फेटा, मागं दोन टाळकरी. आबांनी पाणी नको म्हटलं, बसायला नको म्हटलं. वीणा हातात घेतली, तबलीवर नजर टाकली.

"सुतारतात्या, ह्ये लाकूड कुटलं?"

मामंजी घसा खाकरले. "लांबचं हाय."

"किती लांबचं?"

"बोटीनं आलंया," मी मधेच बोलले. आत्याबाईंनी मला चिमटा काढला.

आबांनी वीणा गळ्यात घातली. तारांच्या खुंट्या पिळल्या, कान लावला, पुन्हा पिळल्या. आमचा जीव तबलीत. तारा ताणल्या की दाब सगळा त्या सव्वा सुतावर येतो. आत कुठं चीर राहिली असेल तर ती आत्ता बोलणार. आबांनी बोट फिरवलं.

मी तो आवाज शब्दांत सांगत नाही. मला जमणार नाही. एवढंच सांगते की मागचे दोन टाळकरी न सांगता सरळ उभे राहिले. आबा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, पाय जसे सप्ताहात पडतात तसे, आणि परत आले. एक चक्कर, दोन, तीन. मामंजी खांबाला धरून उभे. आत्याबाईंनी पदर तोंडात धरलेला.

आबा मामंजींसमोर थांबले.

"जुनीचा आवाज मला पाठ हाय, तात्या. तीस वर्सं गळ्यात हुती. ही तशी वाजत न्हाय."

मामंजींचा चेहरा उतरला.

"ही लांब जातीया. देवळाच्या मागल्या भित्ताडापतूर जाईल." आबांनी पुन्हा तार छेडली. "हसनाऱ्यांस्नी म्होरं बसवतो यंदा. आन पहिला पहारा तुमचा. तुमी गळ्यात घेऊन हुबं ऱ्हायचं, दोन तास."

 मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं. मग आबांना म्हणाले, "एकट्यानं केली न्हाय, आबा. हिनं तासली. आन हिनं," ते आत्याबाईंकडे बोट दाखवायला लागले आणि अडखळले, कारण काय केलं हे कसं सांगायचं तेच त्यांना कळेना, "हिनं चाचपली."

आबा हसले ते माळावरून ऐकू जावं असं. "मंग घरच उचलून आणा की सप्ताहाला!"

आबा वीणा घेऊन जीपमध्ये बसले आणि मामंजी आत गेले. आम्हाला वाटलं, डोळे पुसायला. पाच मिनिटांनी बाहेर आले ते धुतलेलं धोतर, इस्त्रीचा नेहरू शर्ट, डोक्याला नवा फेटा आणि हातात कापडी पिशवी. सरळ जीपमध्ये जाऊन आबांच्या शेजारी बसले.

"अवो!" आत्याबाई धावल्या. "कुटं निघालात? सप्ताहाला अजून आठ दिवस हायत!"

"मग काय झालं," मामंजी म्हणाले. "म्होरची जागा धरतो."

आणि जीप सुटली. श्रीखंडाचं ताट तसंच वाढलेलं.